केसभर चूक, यंत्रभर थरथर

– प्रतिनिधी

मोटर आणि पंप, टर्बाइन आणि जनित्र किंवा इंजिन आणि प्रॉपेलर एकमेकांना जोडताना त्यांच्या शाफ्टच्या अक्षांत राहिलेला किंचितसा फरकही यंत्राचे आयुष्य झपाट्याने घटवू शकतो. शहराचे पाणी आणि वीज ज्या यंत्रांवर अवलंबून असते, त्या यंत्रांच्या या नेहमीच्या, परंतु दुर्लक्षित दुखण्याची ही ओळख.

ब्रिटिश नौदलाची 'एचएमएस प्रिन्स ऑफ वेल्स' ही विमानवाहू नौका २७ ऑगस्ट २०२२ रोजी पोर्ट्समथ बंदरातून अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली. सुमारे ६५ हजार टन वजनाची ही नौका आणि तिची भगिनी 'एचएमएस क्वीन एलिझाबेथ' या ब्रिटिश नौदलासाठी आजवर बांधल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या युद्धनौका होत. परंतु खुल्या महासागरात पोहोचण्यापूर्वीच, आइल ऑफ वाइट बेटाजवळ, 'प्रिन्स ऑफ वेल्स' बंद पडली. पाणबुड्यांनी खाली उतरून पाहणी केली, तेव्हा उजव्या बाजूच्या प्रॉपेलरच्या शाफ्टचे दोन भाग जोडणारे कपलिंग निकामी झाल्याचे आढळले. अमेरिकेच्या दौऱ्यावर तिच्याऐवजी 'क्वीन एलिझाबेथ'ला पाठवावे लागले. नादुरुस्त नौका स्कॉटलंडमधील रोसाइथच्या गोदीत नेण्यात आली आणि तेथून तिची सुटका होण्यास २०२३चा जुलै महिना उजाडला. चौकशीतून जे कारण पुढे आले, ते सामान्य वाचकाला चकित करणारे होते. शाफ्ट बसवताना त्याच्या अक्षात सुमारे एक मिलिमीटरचा फरक राहून गेला होता!

एवढ्या अवाढव्य नौकेला एका मिलिमीटरने जेरीस आणावे, हे ऐकायला विलक्षण वाटते. देखभाल विभागात काम करणाऱ्या अभियंत्याला आणि फिटरला मात्र त्यात फारसे आश्चर्य वाटणार नाही. कारण हेच दुखणे लहान प्रमाणावर साखर कारखान्यात, औष्णिक वीज केंद्रात, रासायनिक प्रकल्पात आणि महापालिकेच्या उदंचन केंद्रात त्यांच्या नित्य परिचयाचे असते. 'पंप नादुरुस्त झाल्याने पाणीपुरवठा विस्कळीत' अशी दोन ओळींची बातमी आपण वाचतो आणि पुढे सरकतो. त्या पंपाचे बेअरिंग का गेले, आणि चार महिन्यांपूर्वी बदललेले बेअरिंग पुन्हा का गेले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. अनेकदा त्याचे उत्तर बेअरिंगमध्ये नसते. ते मोटर आणि पंप यांच्यामधल्या जोडात असते.

अक्ष जुळणे म्हणजे काय?

फिरते यंत्र सहसा एकटे नसते. एक यंत्र शक्ती पुरवते, दुसरे ती वापरते. मोटर पंपाला फिरवते, टर्बाइन जनित्राला फिरवते. दोघांचे शाफ्ट समोरासमोर आणून मधे कपलिंग बसवले, की जोडी तयार होते. या दोन्ही शाफ्टच्या मध्यातून जाणाऱ्या काल्पनिक रेषा, म्हणजे त्यांचे अक्ष, यंत्र चालू असताना एकच रेषा बनून राहिले पाहिजेत. कारखान्यांच्या भाषेत यालाच 'अलाइनमेंट' म्हणतात.

ही जुळणी दोन प्रकारे बिघडते. दोन्ही अक्ष समांतर असतात, परंतु एक वर आणि एक खाली, किंवा एक डावीकडे आणि एक उजवीकडे राहतो. हा झाला समांतर फरक. दुसऱ्या प्रकारात अक्ष एकमेकांशी कोन करतात आणि कपलिंगच्या दोन तोंडांमधली फट एका बाजूला अरुंद, तर दुसऱ्या बाजूला रुंद होते. हा कोनीय फरक. प्रत्यक्षात बहुधा दोन्ही दोष एकत्र नांदतात, आणि तेही उभ्या व आडव्या अशा दोन्ही दिशांत. म्हणून एकाच जोडाची स्थिती सांगायला चार आकडे लागतात.

हे आकडे किती लहान असावेत? मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या यंत्रासाठी कार्यशाळांमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोष्टकांत समांतर फरकाची मर्यादा साधारण ०.०६ ते ०.०९ मि.मी. इतकी दिलेली असते. माणसाच्या केसाची जाडीही ढोबळमानाने एवढीच. वेग दुप्पट झाला, की मर्यादा आणखी कडक होते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. अक्ष जुळणे म्हणजे सगळे शाफ्ट ओळंब्यात सरळ असणे, असे नेहमीच नसते. औष्णिक वीज केंद्रातील मोठ्या संचात उच्च दाबाचे, मध्यम दाबाचे व कमी दाबाचे टर्बाइन आणि जनित्र असे अनेक टन वजनाचे रोटर एका रांगेत जोडलेले असतात. प्रत्येक रोटर स्वतःच्याच भाराने मध्यभागी किंचित झुकतो, जसा वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीला झोळ येतो. अशा वेळी सर्व बेअरिंग एकाच उंचीवर ठेवली, तर जोडांच्या ठिकाणी शाफ्टची तोंडे एकमेकांना समांतर येणार नाहीत. म्हणून कडेची बेअरिंग हेतुपुरस्सर थोडी उचलून बसवतात, जेणेकरून सगळे रोटर मिळून एकच अखंड, गुळगुळीत वक्र तयार व्हावा. जोडाच्या ठिकाणी कोणताही शाफ्ट दुसऱ्याला वाकवत नसावा, हा अलाइनमेंटचा खरा अर्थ आहे.

जुवाखालची जखम

एका जुवाला जुंपलेल्या दोन बैलांची उंची सारखी नसेल, तरी गाडी चालतच राहते. सोलवटते ती बैलाची मान. यंत्राचेही तसेच आहे. अक्ष चुकलेला पंप पाणी देतो, मोटर फिरते, तक्ता भरणाऱ्या कर्मचाऱ्याला दाब आणि प्रवाह यांचे आकडे बरोबर दिसतात. भार वाहत असतात ते आतले भाग.

पहिला फटका बेअरिंगला बसतो. कपलिंगने शाफ्टला आडवे ओढले, की तो भार बेअरिंगवर पडतो. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हा या क्षेत्रातील मूलभूत नियम आहे. त्याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. भार २० टक्क्यांनी वाढला, तर १.२चा घन १.७३ येतो, म्हणजे आयुष्य जवळजवळ ५८ टक्क्यांवर येते. भार दुप्पट झाला, तर आयुष्य आठव्या हिश्शावर! पाच वर्षे टिकावे म्हणून निवडलेले बेअरिंग सात-आठ महिन्यांत का निकामी होते, याचे एक उत्तर या साध्या गणितात आहे. अशा वेळी 'माल खराब आला' असे म्हणून दुसऱ्या कंपनीचे बेअरिंग मागवले जाते आणि तेही त्याच वाटेने जाते.

दुसरा बळी असतो सीलचा. पंपातील मेकॅनिकल सीलमध्ये अत्यंत गुळगुळीत घासलेल्या दोन चकत्या एकमेकींवर टेकून फिरतात. शाफ्ट वाकत-डुलत फिरू लागला, की त्या चकत्या क्षणाक्षणाला किंचित उघडतात. पाण्याच्या पंपात याचा परिणाम गळतीपुरता मर्यादित राहतो. ज्वालाग्राही द्रव वाहून नेणाऱ्या पंपात तीच गळती आगीला निमंत्रण देते.

तिसरा भाग म्हणजे शाफ्ट स्वतः. अक्ष चुकल्यामुळे शाफ्ट वाकलेल्या अवस्थेत फिरतो. वाक एकाच दिशेला स्थिर असतो, परंतु शाफ्टचा धातू मात्र फिरत असतो. त्यामुळे पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. मिनिटाला १५०० फेरे या वेगाने दिवसाला २१ लाख ६० हजार वेळा ही ओढाताण होते. पाच दिवसांत हा आकडा एक कोटीच्या पुढे जातो. तार हाताने पुनःपुन्हा इकडेतिकडे वाकवली, की ती तुटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून दाखवून दिले, की एका झटक्यात तोडण्यास लागणाऱ्या भारापेक्षा कितीतरी कमी भार लाखो वेळा आलटून-पालटून पडला, तरी पोलाद तुटते. धातूचा हा थकवा वरून दिसत नाही. खाचेच्या किंवा कोपऱ्याच्या ठिकाणी बारीक भेग पडते, ती आत सरकत जाते आणि एके दिवशी शाफ्ट दुभंगतो.

'आमचे कपलिंग लवचीक आहे, थोडाफार फरक ते सांभाळून घेते', हे वाक्य अनेक कारखान्यांत ऐकू येते. लवचीक कपलिंग काही फरक सोसते, यात शंका नाही. मात्र त्याच्या माहितीपत्रकात छापलेली मर्यादा ही कपलिंग स्वतः तुटू नये, यासाठीची मर्यादा असते. कपलिंग वाकते तेव्हा ते स्प्रिंगसारखे उलट जोरही लावते आणि तो जोर दोन्हीकडच्या बेअरिंगवर पडतो. कपलिंगच्या संरक्षक झाकणाखाली साचलेला रबराचा काळा भुगा हा या 'सांभाळून घेण्या'चाच हिशोब असतो.

कंपनांची भाषा

हे सारे यंत्र उघडण्यापूर्वी कसे ओळखायचे? येथे कंपने मदतीला येतात. जुन्या काळचे मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचे एक टोक बेअरिंगवर आणि दुसरे कानाजवळ धरून निदान करीत. आज बेअरिंगच्या घरावर कंपनमापक बसवतात आणि त्याचा संदेश संगणक वाचतो. एखाद्या मैफलीतील आवाजातून तंबोरा, तबला व पेटी हे सूर वेगळे करावेत, त्याप्रमाणे यंत्राच्या गोंगाटातून वेगवेगळ्या वारंवारतेची कंपने निवडली जातात. या गणिताचा पाया फ्रेंच गणिती फूरिए यांनी घातला आणि १९६५ मध्ये कूली व ट्युकी यांनी प्रसिद्ध केलेल्या जलद पद्धतीमुळे ते संगणकाच्या आवाक्यात आले.

मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५ फेरे. रोटरचा तोल बिघडला असेल, एखाद्या बाजूला वजन जास्त असेल, तर ते वजन दर फेऱ्याला एकदा बाहेर ओढते. म्हणून कंपन २५ हर्ट्झला ठळक दिसते. अक्ष चुकला असेल, तर २५ हर्ट्झबरोबरच त्याच्या दुप्पट, म्हणजे ५० हर्ट्झलाही ठळक कंपन उमटण्याची प्रवृत्ती असते. कधीकधी तिप्पट वारंवारताही दिसते.

दुप्पट का, हे समजण्यासाठी रस्त्यावरच्या ट्रककडे पाहावे. ट्रकच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब प्रॉपेलर शाफ्टच्या टोकांना फुलीच्या आकाराचे सांधे असतात. गॅरेजमध्ये त्यांना 'क्रॉस' म्हणतात. सतराव्या शतकातील इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांच्या नावाने हा सांधा ओळखला जातो. त्याचा गुण असा, की दोन शाफ्ट कोनात असताना पहिला शाफ्ट अगदी एकसारख्या वेगाने फिरत असला, तरी दुसऱ्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. फुलीचे दोन दांडे आळीपाळीने कोनाच्या प्रतलात येतात, म्हणून हे दोनदा घडते. ट्रकमध्ये एका टोकाचा हा दोष दुसऱ्या टोकाचा क्रॉस उलटा करून निस्तरतो. मोटर आणि पंप यांच्यामधल्या साध्या कपलिंगची रचना वेगळी असली, तरी वाकवून फिरवल्यावर तेही एका फेऱ्यात कधी ताठ तर कधी मऊ असा प्रतिकार करते, आणि त्याचे प्रतिध्वनी दुपटीच्या वारंवारतेवर उमटतात.

दिशाही बोलकी असते. तोल बिघडलेला रोटर मुख्यतः आडवा व उभा हलतो. कोनीय फरक असेल, तर यंत्र शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, पुढे-मागे थरथरू लागते. कपलिंगच्या अलीकडचे व पलीकडचे बेअरिंग एकाच वेळी परस्परविरुद्ध दिशांना सरकत असतील, तर संशय अधिक बळावतो. म्हणूनच जाणकार तंत्रज्ञ प्रत्येक बेअरिंगवर आडवे, उभे आणि लांबीच्या दिशेचे अशी तीन मापे घेतल्याशिवाय मत देत नाही.

फसवी लक्षणे

मात्र दुप्पट वारंवारता दिसली, की अलाइनमेंट चुकली, असा सरधोपट निष्कर्ष काढता येत नाही. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि मोटरमधील चुंबकीय ओढीमुळे त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झचे कंपन निर्माण होते. दोन ध्रुवांची मोटर भाराखाली मिनिटाला २९७० फेरे घेत असेल, तर तिच्या फेऱ्यांची दुप्पट वारंवारता ९९ हर्ट्झ येते. ९९ आणि १०० यांतला भेद साध्या उपकरणाला कळतोच असे नाही. यावर जुना, खात्रीचा उपाय आहे. कंपनमापक लावलेला असतानाच मोटरचा वीजपुरवठा बंद करायचा. दोष विजेचा असेल, तर कंपन त्याच क्षणी नाहीसे होते. यांत्रिक असेल, तर वेगाबरोबर हळूहळू उतरत जाते.

दुसरी फसवणूक याहून धोक्याची आहे. अक्षांतील फरक मोठा असेल, तर शाफ्ट बेअरिंगच्या एका बाजूला इतका घट्ट दाबला जातो, की त्याला हलायलाच वाव उरत नाही. अशा वेळी कंपनाचा आकडा कमी दिसू शकतो. भार मात्र भयंकर असतो. यंत्र शांत आहे म्हणजे ते सुखात आहे, असे नव्हे. म्हणून कंपनाबरोबर बेअरिंग व कपलिंग यांचे तापमान पाहणे, भुगा किंवा गळती शोधणे आणि शेवटी यंत्र थांबवून अक्ष प्रत्यक्ष मोजणे याला पर्याय नाही.

किती कंपन सोसावे, याचे मोजमाप ठरवण्याचा एक आरंभीचा प्रयत्न अमेरिकेतील अभियंता टी. सी. रॅथबोन यांनी १९३९ मध्ये केला. पुढे आंतरराष्ट्रीय मानके आली. १५ ते ३०० किलोवॉटच्या, भक्कम पायावर बसवलेल्या यंत्रांसाठी 'आयएसओ १०८१६' या मानकाने कंपनाचा वेग सेकंदाला १.४ मि.मी.पर्यंत उत्तम, २.८पर्यंत दीर्घकाळ चालवण्याजोगा आणि ४.५च्या पुढे हानिकारक मानला. २०१६ पासून या मालिकेची जागा 'आयएसओ २०८१६' घेऊ लागली. अर्थात, एका दिवसाच्या आकड्यापेक्षा महिन्यामागून महिने घेतलेल्या नोंदींचा कल अधिक खरे सांगतो. नेहमी १.५ दाखवणारे यंत्र एकाएकी २.५ दाखवू लागले, तर कोष्टकात ते 'चालवण्याजोगे' असले, तरी आत काहीतरी बदलले आहे, हे निश्चित.

कंपन आवाक्याबाहेर गेले तर काय होते, याचे उदाहरण भारतातच आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्राच्या पहिल्या संचात कमी दाबाच्या टर्बाइनची शेवटच्या ओळीतील दोन पाती धातूच्या थकव्यामुळे तुटली. येथे मूळ दोष अलाइनमेंटचा नव्हता. परंतु तोल गेलेल्या रोटरच्या प्रचंड कंपनांनी पुढे जे घडवले, ते कंपनांच्या संहारशक्तीची कल्पना देते. जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन वायू बाहेर पडला, वंगणाच्या तेलाच्या नळ्या तुटल्या आणि आग भडकली. आगीत विजेच्या केबल जळाल्या व केंद्र सुमारे १७ तास पूर्णपणे अंधारात राहिले. कर्मचाऱ्यांच्या प्रसंगावधानामुळे अणुभट्टी सुरक्षित राहिली आणि किरणोत्सर्ग बाहेर पसरला नाही. आंतरराष्ट्रीय मापनपट्टीवर ही घटना तिसऱ्या पातळीची ठरली.

चूक शिरते कोठून?

यंत्र बसवताना अक्ष अचूक जुळवला आणि तरीही काही दिवसांत तो चुकला, असे वारंवार घडते. त्यामागे चार मुख्य कारणे असतात.

पहिले कारण उष्णता. पोलादाची एक मीटर लांबी तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, की सुमारे १२ मायक्रॉनने वाढते. शाफ्टचा मध्य पायापासून अर्धा मीटर उंच असेल आणि चालू झाल्यावर यंत्राचा सांगाडा ४० अंशांनी तापला, तर शाफ्ट ०.२४ मि.मी. वर उचलला जाईल. वर दिलेल्या मर्यादेच्या हा जवळजवळ तिप्पट आकडा झाला. गरम तेल किंवा वाफ हाताळणाऱ्या यंत्रांत हा परिणाम अधिक असतो. म्हणून अनुभवी फिटर थंड अवस्थेत शाफ्ट मुद्दाम थोडा खाली ठेवतो. यंत्र तापले, की तो आपोआप जागेवर येतो.

दुसरे कारण 'सॉफ्ट फूट', म्हणजे यंत्राचा लंगडा पाय. चार पायांच्या टेबलाचा एक पाय जमिनीला टेकत नसेल, तर आपण त्याखाली वर्तमानपत्राची घडी सारतो. मोटरचा एक पाय अधांतरी असताना बोल्ट आवळला, तर मोटरचा सांगाडाच पिळवटतो आणि प्रत्येक बोल्ट आवळताना अक्ष निराळ्या जागी जातो. पायाखाली योग्य जाडीच्या शिमच्या पट्ट्या घालणे हाच यावर उपाय. गंजलेल्या, रंग साचलेल्या पट्ट्यांची चळत करून ठेवली, तर ती स्प्रिंगसारखी दबत राहते.

तिसरे कारण पाइपचे ओझे. पाइप आणि पंप यांच्या तोंडांत अंतर राहिले असताना साखळी-पुलीने पाइप ओढून बोल्ट घट्ट केले, की तो पाइप पंपाला कायमचा खेचत राहतो. चौथे कारण पाया. काँक्रीट खचते, खालची ग्राउटिंग तेलाने झिजते, शेजारच्या यंत्राच्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात.

सोसायट्यांच्या टाकीवर पाणी चढवणाऱ्या लहान मोनोब्लॉक पंपात मात्र हे दुखणे सहसा आढळत नाही. कारण तेथे मोटर आणि पंप यांचा शाफ्ट एकच असतो. जोडच नाही, तर जुळवणीही नाही. उंच इमारतींतील अग्निशमन पंपांची गोष्ट वेगळी. तेथे बहुधा मोटर किंवा डिझेल इंजिन कपलिंगने पंपाला जोडलेले असते. वर्षभर उभा राहणारा हा पंप आगीच्या वेळी पहिल्या मिनिटापासून पूर्ण भाराने चालावा लागतो.

पट्टीपासून लेसरपर्यंत

अक्ष जुळवण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे कपलिंगवर पोलादी पट्टी ठेवून फट डोळ्यांनी पाहणे आणि फीलर गेजची पाती सारून ती मोजणे. संथ यंत्रांना ती पुरेशी होती. पुढे डायल गेज आले. एका शाफ्टवर बांधलेली डायल दुसऱ्या शाफ्टभोवती फिरवून काटा किती सरकतो, ते पाहतात. येथे नवख्याची हमखास चूक होते. वरच्या व खालच्या बिंदूंतील फरक ०.२० मि.मी. आला, तर अक्षांतील अंतर त्याच्या निम्मे, म्हणजे ०.१० मि.मी. असते. शिवाय डायल धरणारा दांडा स्वतःच्या वजनाने झुकतो, तो झुकाव वजा करावा लागतो.

१९८४ मध्ये जर्मनीच्या प्रुफटेक्निक या कंपनीने 'ऑप्टालाइन' हे लेसरवर चालणारे उपकरण बाजारात आणले आणि या कामाचे स्वरूप पालटले. दोन्ही शाफ्टवर एकेक शीर्ष बसवून ते फिरवले, की उपकरण चारही आकडे देते आणि कोणत्या पायाखाली किती जाडीची शिम घालावी, हेही सांगते. परंतु उपकरण अचूक असले, तरी लंगडा पाय दुरुस्त करणे, पाइपचे ओझे उतरवणे आणि उष्णतेचा हिशोब धरणे ही कामे माणसालाच करावी लागतात. ती न करता घेतलेला लेसरचा अहवाल कागदापुरताच सुंदर असतो.

वेळेची किंमत

मग ही चूक वारंवार का होते? ज्ञान उपलब्ध आहे, साधने उपलब्ध आहेत. अपुरा पडतो तो वेळ. पंप उघडला, बेअरिंग बदलले, आता फक्त जोडायचे आहे, अशा टप्प्यावर वरिष्ठांचे, ग्राहकांचे आणि उत्पादन विभागाचे डोळे फिटरकडे लागलेले असतात. पाणी कधी सुरू होणार, वाफ कधी मिळणार, हा एकच प्रश्न असतो. अलाइनमेंटला लागणारे काही तास त्या क्षणी चैन वाटतात. देखभालीचे काम कंत्राटावर दिलेले असेल आणि पैसे 'यंत्र चालू करून देण्या'चे ठरलेले असतील, तर हे तास सर्वांत आधी कापले जातात. त्यांची किंमत काही महिन्यांनी नव्या बेअरिंगच्या, बंद राहिलेल्या यंत्राच्या आणि रिकाम्या नळांच्या रूपाने चुकवावी लागते. महापालिकेच्या पंपाच्या बाबतीत ती करदात्याच्या खिशातून जाते.

उपाय फार खर्चिक नाहीत. दुरुस्तीनंतर अक्षांचे आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे लेखी नोंदवले जावेत. निविदेत व कामाच्या देयकाबरोबर ही नोंद सक्तीची असावी. महत्त्वाच्या यंत्रांची कंपने ठरावीक दिवशी, ठरावीक जागी मोजली जावीत. एकच बेअरिंग वर्षात दुसऱ्यांदा गेले, तर तिसरे मागवण्याआधी कारण शोधले जावे. आणि जुळवणीचे काम करणाऱ्या फिटरला शास्त्रशुद्ध प्रशिक्षण मिळावे; मिलिमीटरचा शंभरावा भाग हाताळणारे हे कौशल्य 'नटबोल्ट आवळण्या'च्या यादीत गणले जाऊ नये.

बंद पडलेला पंप दुरुस्त झाला, की 'सुरू झाला का?' असे विचारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय अधिकाऱ्यांनी, नगरसेवकांनी आणि सोसायटीच्या सचिवांनीही लावून घ्यायला हवी, 'अक्ष किती मिलिमीटरवर जुळवला?' या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळाले, तर दुरुस्ती झाली असे समजावे. 'एकदम ओके आहे साहेब' असे मिळाले, तर नवे बेअरिंग आतापासूनच मागवून ठेवलेले बरे.